ऑफिस इंटिरियरचे काम घेताना करार, मोजमाप आणि वसुली कशी सांभाळावी

पुण्यात खराडी किंवा बाणेरला, मुंबईत अंधेरीला, भाड्याच्या जागेत ऑफिस उभारण्याचे काम घेतले की पहिला दबाव येतो तो वेळेचा. जागामालक भाडेकरूला अंतर्गत कामांसाठी ठरावीक मुदतीची भाडेमाफी देतो आणि ती संपली की भाडे सुरू होते. त्यामुळे नकाशे अंतिम होण्याआधीच सुतार कामाला लावण्याचा आग्रह ग्राहक धरतो. छोट्या इंटिरियर फर्मचा नफा बहुतेक वेळा या घाईतच बुडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझाइन कमी पडल्यामुळे बंद पडलेल्या फर्म थोड्या, कागदपत्रांच्या ढिलाईमुळे अडचणीत आलेल्या पुष्कळ.

म्हणून पहिली गोष्ट ही करावी की डिझाइन आणि प्रत्यक्ष काम यांचे करार वेगळे ठेवावेत. डिझाइनची फी टप्प्याटप्प्याने ठरवावी, पहिला हप्ता हाती आल्याशिवाय थ्रीडी चित्रे देऊ नयेत, आणि ग्राहकाची सही असलेल्या ड्रॉइंगशिवाय साइटवर एक पार्टिशनही उभे करू नये. फुकट संकल्पचित्रे मागून तीच दुसऱ्या कंत्राटदाराकडून करवून घेण्याचे प्रकार सर्रास होतात. त्यावर हाच उपाय आहे.

बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या परिमाण-दरपत्रकात, केवळ ‘प्लायवूड’ असे लिहू नये. जाडी, प्रत आणि मानक लिहावे: कोरड्या जागेतील स्टोरेजला १९ मिमी, आयएस ३०३ (सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे भारतीय मानक), पँट्रीतील सिंकखाली आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे मानक). लॅमिनेट, हार्डवेअर आणि काच यांचे दर किती दिवस बांधील राहतील हेही तिथेच नमूद करावे, कारण कोटेशन आणि खरेदी यांच्यात दोन-तीन महिने गेले तर वाढीव दराचा भार विनाकारण आपल्यावर येतो.

खरी कसोटी लागते ती बदलांच्या वेळी. काम निम्म्यावर आले असताना ग्राहक सहज म्हणतो, “कॉन्फरन्स टेबल दोन फूट खिडकीकडे घ्या.” ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते. पण टेबल सरकले की फरशीतील फ्लोअर बॉक्स (वीज व डेटाच्या सॉकेटची पेटी) सरकतो, त्याच्या वायरींच्या नळीसाठी (कॉन्ड्यूट) फरशी पुन्हा खोदावी लागते, टेबलावरचे दिवे बदलतात आणि दिव्यांसाठी जिप्सम सीलिंग कापावे लागते. तिथेच एसीचा डिफ्यूझर (हवा सोडणारी जाळी) किंवा आग विझवणारा स्प्रिंकलर असेल तर त्या एजन्सीलाही परत बोलवावे लागते. अशा प्रत्येक बदलासाठी काय बदलले, किती खर्च वाढला आणि किती दिवस वाढले या तीन गोष्टींचा एक पानी चेंज ऑर्डर करावा आणि ईमेलने मंजुरी मिळेपर्यंत त्या भागातील काम थांबवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरील अंगठ्यावर विसंबून राहू नये. दिवसांचा रकाना लोक हमखास विसरतात आणि पुढे विलंबाचा दंड त्यांच्याच बिलातून कापला जातो.

वसुली सोपी व्हावी म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, काम स्वीकारण्याआधीच करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करारात मुदत नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्यातील तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा करता येत नाही, त्यामुळे त्याचा लेखा विभागही बिलाकडे लक्ष देतो. मात्र माल आणि मजुरी एकत्र असलेल्या वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. फीचा करार वेगळा ठेवण्याचे हेही एक कारण आहे. रनिंग बिलाचे (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने काढायच्या बिलाचे) मोजमाप ग्राहकाच्या प्रतिनिधीसोबत घेऊन त्यावर सही घ्यावी आणि त्यानंतरच टॅक्स इनव्हॉइस काढावा, कारण एकदा इनव्हॉइस निघाला की ग्राहकाचे पैसे आले नाहीत तरी जीएसटी आपल्याला भरावा लागतो.

इमारतीच्या व्यवस्थापनाचे नियम वेळापत्रक आखण्याआधी वाचावेत. मालाची लिफ्ट कोणत्या वेळेत मिळते, आवाजाचे काम रात्रीच करावे लागते का, वेल्डिंगसाठी वेगळा परवाना लागतो का, यावर मजुरीचा दर ठरतो. अग्निशमन व्यवस्थेतील बदल परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यावेत. होळी, दिवाळी आणि छठपूजेला बाहेरगावचे कारागीर गावी जातात, तर पावसाळ्यात पॉलिश वाळायला वेळ लागतो; हे दिवस वेळापत्रकात आधीच धरावेत.

शेवटी, ग्राहकाचे कर्मचारी बसायला येण्याआधी दोघांनी मिळून स्नॅग लिस्ट, म्हणजे राहिलेल्या त्रुटींची यादी, करावी, तिच्यावर तारीख टाकून सह्या घ्याव्यात आणि रिटेन्शनची (ग्राहकाने बिलातून राखून ठेवलेली) रक्कम कोणत्या दिवशी परत मिळेल हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. एकदा ऑफिस वापरात आले की खुर्चीने पडलेला ओरखडाही आपल्याच खात्यात लिहिला जातो.