वाड्यातल्या भुताचा दुसरा भाग शूट करताना

दुसऱ्या भागापर्यंत प्रेक्षकाला घर पाठ झालेलं असतं. म्हणून पहिला भाग लावून प्रत्येक खोलीचे स्क्रीनशॉट काढा: देवघर कुठल्या भिंतीला, कोनाड्यात काय, कठडा कुठे तुटलेला. हे जुळलं नाही तर लोक घाबरायचं सोडून चुका मोजत बसतात.

जुन्या नाशकातल्या वाड्याचं दार ‘आपोआप’ उघडायला साधा तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) पुरतो. कडीला बांधू नका, ती वाजते. फळीच्या मागच्या बाजूला, खाली, मालकाला विचारून बारीक खिळा मारा आणि तंगूस जमिनीलगत न्या. चमकला तर काळ्या मार्करने फासा. बिजागऱ्यांना आधी तेल द्या. कोरडी बिजागरी मध्येच अडते, मग दार झटक्याने येतं आणि मागे कुणीतरी ओढतंय हे लगेच कळतं. करकर वेगळी रेकॉर्ड करून नंतर जोडा. पावसाळ्यात लाकूड फुगून दार उंबऱ्याला घासतं, तेव्हा हा शॉट उन्हाळ्यातच उरका.

सेकंदाला २४ फ्रेम असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, भलतं शटर ठेवलं तर चित्रात ट्यूबलाइट फडफडते. एलईडीला स्वस्तातला डिमर लावू नका, तोही फडफडवतो. समई एकटी पुरत नाही. तिच्या आड छोटा पिवळा बल्ब लपवा.

पंचवटीच्या बाजूला असाल तर आरतीची वेळ टाळून संवाद घ्या. नंतर संवादांमधल्या मोकळ्या जागा भरायला प्रत्येक खोलीतली शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा, सगळ्यांचे मोबाइल बंद ठेवून.

माळ्यावर कॅमेरामन आणि नट, बस्स. बाकीचे ओसरीवर.