घरोघरची पाहणी करताना या चुका टाळा

निवडलेल्या घराला कुलूप दिसलं की शेजारचं उघडं दार वाजवून पत्रक भरून टाकायचं, ही सरकारी कुटुंब पाहणीतली माझ्या मते सर्वांत महागडी चूक. सकाळी अकराला कुलूप कुणाच्या घराला असतं? नवरा-बायको दोघंही कामाला जातात त्यांच्या. आणि उघडं कुणाचं असतं? आजी-आजोबा, तान्हं मूल किंवा नोकरी शोधत असलेला मुलगा घरी असतो त्यांचं. एका गटात असे तीन-चार बदल झाले की तिथला रोजगार कागदावर आपसूक घटतो. पुढे कार्यालयात कितीही हुशार गणिती बसला तरी ही घट भरून काढता येत नाही.

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या पीएलएफएसमध्ये, २०२५ पासून देशभरातली सुमारे २ लाख ७२ हजार कुटुंबं घेतली जातात आणि निवडलेल्या दर गावात किंवा शहरी गटात फक्त १२. म्हणजे एकेक कुटुंब साधारण हजारभर कुटुंबांच्या वतीनं बोलत असतं. कुलूप दिसलं तर शेजारी विचारा, माणसं कधी सापडतात. मग संध्याकाळी जा, रविवारी जा. सोसायटी असेल तर वॉचमनशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. कार्यालयाचं पत्र आधीच सेक्रेटरीच्या हातात पडलेलं असावं, आणि जमलं तर नोटीस बोर्डावर लागलेलं. एवढं करूनही नाहीच जमलं तर बदली कुटुंब घेता येतं, पण ते यादीतून आणि नियमानं, कारण लिहून. समोरचं दार उघडं होतं, हे कारण चालत नाही.

त्याआधीची चूक, ज्यातून कुटुंबं निवडायची ती घरांची यादी करतानाच होते. रस्त्यावरून दिसतील तेवढी घरं मोजली जातात आणि जिन्याखालची खोली, गच्चीवरचा वॉचमनचा संसार, गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपणारे कामगार, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या यादीबाहेर राहतात. गावात मुख्य गावठाण मोजून होतं आणि लांबची वाडी किंवा पाडा 'त्याच गावात धरला' जातो. पुलाखाली किंवा रस्त्याकडेला उघड्यावर राहणारं कुटुंब नेहमी त्याच जागी राहत असेल तर राष्ट्रीय नमुना पाहणीच्या नियमानुसार त्याचंही नाव यादीत हवं. सुटतात ती बहुतेक गरिबांचीच घरं. त्यामुळे यादी अपुरी राहिली की गाव आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसतं.

कुटुंब कशाला म्हणायचं, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. नियम सरळ आहे: नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आडनाव, सातबारा, रेशनकार्ड यांचा इथे संबंध नाही. दोघा भावांची रेशनकार्डं विभक्त असतात, पण स्वयंपाक एकत्र होतो. ते एकच कुटुंब. उलट आई-वडील वरच्या मजल्यावर स्वतःचं वेगळं शिजवून खात असतील तर दार एक असलं तरी कुटुंबं दोन. म्हणून 'कुटुंबात किती जण?' असं विचारू नका. 'तुमच्याकडे रोज जेवायला कोण कोण असतं?' असं विचारा आणि मग एकेक नाव लिहा.

इथेच दूर गेलेली माणसं घोळ घालतात. कोकणातली आजी मुंबईतल्या मुलाचं नाव पहिलं सांगते, कारण घर त्याचंच आहे. पण तो वर्षाचे अकरा महिने मुंबईत राहतो, तेव्हा त्याची नोंद तिथे. पुण्याच्या वसतिगृहात राहणारा मुलगा लातूरच्या आईबापांच्या कुटुंबात धरायचा नसतो. वसतिगृहात तो स्वतः एकट्याचं कुटुंब ठरतो. बीडकडचे ऊसतोड कामगार मात्र खरी परीक्षा घेतात. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि उन्हाळ्यात परतते, म्हणजे मुक्काम सहा महिन्यांच्या आसपास. तिथे 'गेलेत' या एका शब्दावर घर वगळू नका. कधी गेले, कधी परतणार, मागे कोण राहिलंय, हे विचारूनच ठरवा, आणि ज्यावरून ठरवलं ते शेऱ्यात लिहा.

कामाचा प्रश्न आला की सर्वांत जास्त बाया गायब होतात. 'बायको काय करते?' याला नवऱ्याचं उत्तर ठरलेलं: 'काही नाही, घरीच असते.' प्रगणक लगेच ९२ हा संकेतांक टाकतो, म्हणजे फक्त घरकाम. पण तीच बाई पहाटे दोन म्हशींची धार काढते आणि दूध डेअरीला जातं. नवऱ्याच्या शेतात निंदणी करते, दुपारी किराणा दुकानावर बसते. पगार मिळत नसला तरी घरच्या धंद्यात मदत करणाऱ्यासाठी २१ हा संकेतांक आहे. घरी खायला पिकवलेलं धान्यही कामात धरलं जातं. शक्यतो तिलाच विचारा, आणि 'काम करता का?' असं नको. गोठा कोण बघतं, दुकानावर कोण बसतं, कालचा दिवस कसा गेला, हे विचारा.

चालू साप्ताहिक स्थितीसाठी, म्हणजे माणसाला सध्या काम आहे का हे ठरवायला, पाहणीच्या तारखेआधीचे सात दिवस बघतात, आणि त्यात एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलं तरी माणूस काम करणाऱ्यांत येतो. आजचा दिवस त्यात नाही. म्हणून कालपासून सुरुवात करून एकेक दिवस मागे जा. 'गेल्या आठवड्यात' म्हटलं की माणसं सोमवार ते शनिवार असा भलताच आठवडा सांगतात.

पीएलएफएसमध्ये २०२५ पासून एकाच कुटुंबाकडे सलग चार महिने जायचं असतं. दुसऱ्या खेपेला दारातूनच 'मागच्या वेळसारखंच ना?' असं विचारलं, की समोरचा चहा पुढे करून 'हो हो' म्हणतो आणि मुलाखत संपते. वागणं प्रेमाचं असतं, पण आकडा मेला. हातावर पोट असणाऱ्याचा आठवडा दर महिन्याला वेगळा असतो, आणि महिन्याचे आकडे काढायचे ते तो फरक दिसावा म्हणूनच. दर खेपेला सात दिवस नव्यानं विचारा.

घराच्या पाहणीत डोळ्यांवर भरवसा ठेवा, पण व्याख्या हाताशी असू द्या. भिंती आणि छप्पर दोन्ही पक्क्या साहित्याचं असेल तर घर पक्कं, एकच असेल तर अर्धपक्कं. पत्रा पक्क्या साहित्यात येतो, हे ऐकून नवे प्रगणक दचकतात. चारी बाजूंनी पत्रे आणि वर पत्रा असलेली खोली या व्याख्येत पक्की ठरते, मग तिच्यात मे महिन्यात बसवत नसलं तरी. मला स्वतःला ही व्याख्या फारशी पटत नाही, पण प्रगणकानं ती आपल्या मनानं बदलली तर एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलनाच होणार नाही. कोकणातलं चिऱ्याचं कौलारू घर पक्कं. मातीच्या भिंतीवर कौलं असतील तर अर्धपक्कं. घरकुल मिळेल या आशेनं 'कच्चंच आहे हो' असं सांगणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका, तुमच्या कागदाचा घरकुलाच्या यादीशी संबंध नाही एवढं शांतपणे सांगा आणि भिंत बघून लिहा. शौचालय 'आहे का' यावरही थांबू नका. स्वतःचं, की शेजाऱ्यांशी मिळून, आणि घरातले सगळे वापरतात का, हे वेगळे प्रश्न आहेत.

वय विचारलं की पन्नास, साठ, पासष्ट असे गोल आकडे येतात. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही शाळेत होता का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरला केवढा होता, असं विचारलं की वय बरंच जागेवर येतं.

जन्म-मृत्यूसाठी वर्षानुवर्षं चालणारी नमुना नोंदणी पद्धती, म्हणजे एसआरएस, यातली चूक मात्र गंभीर आहे. जन्मून दोन-चार दिवसांत गेलेलं बाळ घरचे सांगत नाहीत. मग जन्मही सुटतो, मृत्यूही सुटतो, आणि बालमृत्यू दर खोटाच खाली जातो. म्हणून गरोदर बायकांची यादी जपायची आणि प्रत्येक नावापुढे काय झालं ते विचारायचंच, हळू आवाजात, शक्यतो घरातल्या बाईला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक असेल, तर ती इथली की पाहुणी, हे लिहायला विसरू नका. नाहीतर बाळ दोन्हीकडे मोजलं जातं किंवा कुठेच नाही.

शेवटी उत्तरं भरायचा टॅब. उत्तर जुळत नाही असा लाल इशारा आला की तो घालवण्यासाठी आकडा बदलण्याचा मोह होतो. आधी कुटुंबाला परत विचारा. उत्तर तेच असेल तर तेच ठेवा आणि शेरा लिहा: 'वडील ३४, मुलगा १८, दोनदा विचारून खात्री केली.' शेरा पाहून पर्यवेक्षक फोन करील, फार तर एक फेरी वाढेल. इशारा घालवायला मुलाचं वय १४ केलं, तर तो काम करणाऱ्या वयाच्या तक्त्यातूनच बाहेर पडतो आणि ते कुणालाही कळत नाही.