बाळाशी बोला आणि मग थांबा

"तीन महिन्यांचं बाळ, त्याच्याशी बोलून काय उपयोग?" नौपाड्यात माझ्याकडे मुलांचे कान तपासायला येणारे आईबाबा हे हमखास विचारतात. अहो, पोटात असल्यापासून त्याला ऐकू येतंय. आईचा आवाज ओळखतच ते जन्माला येतं. जन्मतः मेंदू मोठ्यांच्या साधारण पाव असतो आणि पहिल्या वर्षात जवळपास दुप्पट होतो. डाव्या बाजूचा, ऐकलेलं बोलणं उलगडणारा भाग लवकर कामाला लागतो. तिथून बोलण्याची जुळणी करणाऱ्या भागाकडे जाणारी वाट हळूहळू पक्की होते. म्हणून कळतं आधी, बोलता येतं नंतर.

मालिशीची वेळ धरा. चेहरा बाळापासून वीतभर अंतरावर आणा. "कोण आलं? पाय कुणाचे हे?" असं हेल काढून, सावकाश म्हणा. मग गप्प बसा. इथेच सगळ्यांची घाई होते, आज्या तर लगेच पुढचं सुरू करतात. थांबलात तर दिसेल: बाळ टक लावतं, पाय झाडतं, ओठांचा चंबू करतं आणि मग "अंऽगं" येतं. तेच त्याला परत म्हणून दाखवा, पुन्हा थांबा.

हे काम फोन करत नाही. 2003 मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं ते ध्वनी शिकली, पडद्यावरून शिकली नाहीत.

घरात आजी मराठी, बाबा हिंदी बोलत असतील तर खुशाल बोलू द्या. फक्त उशीर नको. इंग्रजी घरातल्या बाळांना सहा-आठ महिन्यांपर्यंत हिंदीतला 'ट' आणि 'त' वेगळा कळतो. वर्षाच्या आत ती जाण बरीच ओसरते, हे वर्कर आणि टीस या संशोधकांनी 1984 मध्येच दाखवलं. आपला 'ळ' आणि 'ण'ही याच वयात कानावर पडू द्या.

कानांची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या. दहा महिन्यांचं होऊनही "बाबाबा, दादादा" नाही, हाकेला वळत नाही, तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले" म्हणत बसू नका. आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे मोजणाऱ्या 'बेरा' तपासणीला बाळ झोपलेलं लागतं, त्यामुळे येताना दुपट्यात गुंडाळून, दूध पाजूनच आणा.