केळीच्या गाड्यांचा रिपोर्ट: पॉवर बीआयचा अडकलेला रिफ्रेश असा सुटला

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या गाड्यांची नोंद आम्ही क्लाउडवरच्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठेवतो. जळगावच्या ऑफिसात पॉवर बीआय डेस्कटॉपवर (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट व्यवस्थित चालायचा, पण ऑनलाइन पब्लिश केला की ठरलेल्या वेळेचा रिफ्रेश, म्हणजे डेटाबेसमधून ताजे आकडे आणणं, टाइमआउट होऊन पडायचा. पासवर्ड, ५४३२ पोर्ट, सगळं बरोबर.

अडचण फायरवॉलची होती, म्हणजे यादीतल्या आयपी पत्त्यांनाच डेटाबेसमध्ये शिरू देणाऱ्या पहाऱ्याची. डेस्कटॉप आमच्या ऑफिसच्या आयपीवरून जोडतो. ऑनलाइन रिफ्रेश मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून येतो आणि तो पत्ता परवानगीच्या यादीत नव्हता. अशा वेळी काही जण ०.०.०.०/० (म्हणजे कुठलाही पत्ता चालेल) टाकून दार सताड उघडं ठेवतात. कृपा करून तसं करू नका, शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब आहे त्यात! मी ऑफिसातल्या कायम चालू राहणाऱ्या मशीनवर डेटा गेटवे (ऑनलाइन रिफ्रेश आपल्या मशीनमार्फत डेटाबेसपर्यंत नेणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) बसवला, ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतला आणि यादीत तेवढाच ठेवला. रिपोर्टसाठी फक्त वाचण्याचे अधिकार असलेला वेगळा युजर केला.

आणखी एक. आमच्या डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, साठवली जाते. त्यामुळे पहाटे ४ वाजता भरलेली गाडी रिपोर्टात आदल्या रात्री १०:३० ला दिसायची, आणि त्या दिवसाचं वजनच चुकायचं. व्ह्यूमध्ये (डेटाबेसमधली साठवलेली क्वेरी, जिच्यातून रिपोर्ट आकडे वाचतो) ‘एशिया/कोलकाता’ टाइमझोन लावल्यावर आकडे व्यापाऱ्यांच्या वहीशी जुळले.