जुन्या गार्डन ट्रॅक्टरला डेक लावताना पिनची भोकं जुळत नाहीत?

जुन्या गार्डन ट्रॅक्टरला गवत कापायचा डेक (पोटाखाली बसणारा, पाती असलेला भाग) लावायचा म्हणजे अर्धा वेळ पिनची भोकं जुळवण्यातच जातो, एका हाताने जड डेक उचलायचा आणि दुसऱ्याने पिन घालायची, त्यात पिन गंजलेली. मी आता असं करतो आणि खूप सोपं जातं.

१. आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा. हे रोज करता म्हणून सोडू नका.

२. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढचं चाक आडवं येत नाही, आणि डेक प्लायवूडच्या तुकड्यावर ठेवून बाजूने आत सरकवा. जमिनीवर घासत ओढण्यापेक्षा निम्म्या ताकदीत जातो.

३. डेकखाली लाकडी ठोकळे सरकवून भोकं साधारण समोरासमोर आणा, मग निमुळता पंच (टोकाकडे बारीक होत जाणारी लोखंडी सळी) भोकात घालून हलकेच हलवा, राहिलेला दोन-तीन मिलिमीटरचा फरक तोच ओढून घेतो. बोट घालून चाचपू नका, डेक घसरला तर बोट गेलंच.

४. पिन पॉलिश पेपरने चकचकीत करून ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी हातोडा लागणार नाही. आधी मागच्या पिना घाला, पुढच्या नंतर.

डेकची पाती फिरवणारा पट्टा काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुली-पुलीमधून तो कसा फिरतो ते नंतर आठवत नाही.

एकच सांभाळा, काही मॉडेलना डेक वर-खाली करणाऱ्या लिफ्टला मदतीची स्प्रिंग असते, डेक नसताना लिव्हर सोडला की तो झटक्यात वर येतो, तोंड लांबच ठेवा.