बकरीला औषध द्या, पण खुराकात कालवून नको

चोपड्याजवळच्या आमच्या मळ्यात माझ्या चौदा बकऱ्या आहेत. त्यातल्या चांदीनं मला हा धडा दिला. पोळ्याच्या आधी जंताची गोळी द्यायची होती. मी ती कुटून मक्याच्या भरड्यात कालवली. भरडा तिला त्याच आठवड्यात सुरू केला होता. तिनं तो चाटूनपुसून खाल्ला. दुपारी तिचं पोट फुगलं, रवंथ थांबला. दुसऱ्या दिवशी ती बरी झाली, पण भरड्याला तोंड लावेना. गोळी न घातलेला भरडाही नको! महिनाभर हेच. सासूबाई म्हणाल्या, "तिले समदं समजस."

आधी मला वाटलं, गोळी कडू लागली असेल. पण कडू लागलं तर जनावर तिथल्या तिथे तोंड फिरवतं. चांदीनं आवडीनं खाल्लं आणि नंतर नाकारलं. मळमळ झाली की मेंदू शेवटच्या खाण्याकडे, त्यातही नव्या चवीकडे बोट दाखवतो. औषध सुईनं दिलं तरी दोष चाऱ्यालाच लागतो. चोर सोडून संन्याशाला सुळी!

हे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी उंदरांवर दाखवलं. १९५५ मध्ये त्यांनी सॅकरिनचं गोड पाणी आणि किरणोत्सर्ग यांची जोडी लावली, तर उंदीर पुढे ते पाणी टाळू लागले. १९६६ च्या प्रयोगात पाणी चाटताना चवीबरोबर दिवा लागायचा आणि आवाज व्हायचा. किरणांनी किंवा लिथियम क्लोराइड या मळमळ आणणाऱ्या रसायनानं आजारी पडलेल्या उंदरांनी चव टाळली. विजेचा झटका बसलेल्यांनी दिवा आणि आवाज टाळला. खाणं आणि आजार यांच्यात काही तासांचं अंतर असलं तरी एका अनुभवात ही गाठ बसू शकते. शेतात झटपट मारणाऱ्या विषानं आजारी पडून वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही, तो याचमुळे.

आता मी काय करते ते सांगते.

औषध खुराकात कधीच कालवत नाही. डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं पातळ औषध सिरिंजनं (सुई काढून) पाजते. बकरीचं डोकं फार वर उचलायचं नाही, नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाऊ द्यायचं नाही. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडायचं आणि प्रत्येक घोट गिळू द्यायचा. ठसका लागला की लगेच डोकं सोडायचं, नाहीतर औषध फुप्फुसात जातं. घाई करू नका, इथेच बकऱ्या जातात.

औषधाच्या आधी-नंतर दोन दिवस नवा चारा, नवी पेंड काही सुरू करत नाही. रोजचं तुरीचं कुटार, निंबाचा पाला एवढंच. वर्षानुवर्षं बिनत्रास खाल्लेल्या चाऱ्यावर संशय सहजासहजी बसत नाही.

औषध तब्येतीला जड जाणारच असेल, तर आणखी एक उपाय आहे. कॅन्सरच्या औषधोपचाराआधी मुलांना वेगळ्या चवीची गोळी चघळायला दिली, तर नावड त्या गोळीवर जाते आणि रोजचं जेवण बरंचसं वाचतं, असं आढळलं आहे. त्यावरून मी जेवणानंतर आणि औषधाच्या आधी बकरीला बडीशेपेचा एखादा घास देते. नंतर तिनं बडीशेप सोडली तरी माझं काही अडत नाही.

हीच युक्ती उलटी वापरून अमेरिकेत मेंढ्यांना द्राक्षाचा पाला टाळायला शिकवण्याचे प्रयोग झाले आहेत. पाला खाऊ घालून वर लिथियम क्लोराइड दिलं. वाचून आमच्या केळीसाठी मलाही मोह झाला होता, पण ते घरी करू नका. मात्रा चुकली तर बकरी मरेल.

नावड बसलीच तर जबरदस्ती करू नका. चांदीला मी उपाशी ठेवलं नाही. कुटारावर चिमूटभर भरडा भुरभुरला आणि शेजारी भरडा आवडीनं खाणारी तिचीच पाठ (तरुण बकरी) बांधली. तीन दिवस तिनं वरचं झटकून खालचं कुटार खाल्लं. चौथ्या दिवशी थोडा भरडा पोटात गेला, त्रास झाला नाही, मग दुसऱ्या दिवशी मूठभर. अठराव्या दिवशी त्या तरुण बकरीच्या टोपल्यात तिनं स्वतःहून तोंड घातलं.