जुनी शस्त्रे आणि घरगुती वस्तू जमवायच्या कशा? गोव्यात सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुन्या वस्तूंचा नाद लागला की पहिली ओढ तलवारीची असते, आणि तिथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. माझे ऐका, सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. आदोळी (नारळ किसायची पाटाची विळी), धान्य मोजायची पायली-कुडवाची मापे, तांब्याचे भाण (पाण्याचे मोठे भांडे), समई, अडकित्ता या वस्तू गोव्याच्या घराघरांत अजून सापडतात, स्वस्त असतात आणि नजर तयार करतात. अडकित्त्याची झीज वाचता आली की कट्यारीच्या मुठीची झीजही वाचता येते.

आधी पाहा, मग घ्या. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात शेतीची आणि घरकामाची पारंपरिक अवजारे मांडलेली आहेत. तिथे एक अख्खा दिवस घालवा. पुण्याला जाणे झाले तर राजा दिनकर केळकर संग्रहालय चुकवू नका. दिवे, कुलुपे, अडकित्ते आणि शस्त्रे एकाच माणसाने किती मायेने जमवली, ते तिथे कळते. वही बरोबर ठेवा आणि वस्तूचे चित्र काढा. फोटोत निसटलेली गोष्ट चित्र काढताना हाताला सापडते.

घेण्याआधी लिहा. हा नियम मी सगळ्यांच्या वर ठेवतो. वस्तू घराबाहेर पडली की तिची माहिती त्याच दिवशी हरवायला लागते. सत्तरी तालुक्यातल्या एका घरात मी एक आदोळी पाहिली होती. पाट उजवीकडे जसाच्या तसा, डावीकडे मात्र बोटभर खोल झिजलेला. मला वाटले, लाकूड किडले असेल. घरच्या आजींनी सांगितले की त्यांच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या आणि चाळीस वर्षे नारळ त्यांनीच किसले. बाजारात आली असती तर विकणाऱ्याने तो खळगा रंधा मारून सपाट केला असता, आणि त्या बाई वस्तूतून कायमच्या पुसल्या गेल्या असत्या. म्हणून प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि एका कार्डावर लिहा: कुठल्या गावची, कोणत्या घरातली, कधी आणि कितीला घेतली, लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन, घरचे लोक तिला काय म्हणतात, ती कोण वापरत असे. सत्तरीत एक नाव असते, सासष्टीत दुसरे; दोन्ही लिहा.

आता शस्त्रांकडे वळू. गोव्याशी जिचा जवळचा संबंध जोडता येतो ती म्हणजे फिरंगी तलवार: पाते युरोपातले किंवा त्या धर्तीचे, मूठ आपल्याकडची. पाते आणि मूठ वेगवेगळ्या काळातली असणे हा दोष नाही. पाते टिके, मूठ बदलली जाई. पात्यावर दात असलेल्या चंद्रकोरीसारखा ठसा दिसला की विकणारा लगेच ‘परदेशी माल’ म्हणतो. असे ठसे युरोपात होते, पण आपल्याकडच्या लोहारांनीही ते उठवले. नुसत्या ठशाला किंमत देऊ नका.

मूठ नीट पाहा. जुन्या तलवारीत पात्याची शेपटी मुठीत लाख ओतून बसवलेली असते. फटीत तपकिरी लाख दिसते का ते भिंगाने बघा. त्या जागी चकचकीत नवा गोंद दिसला तर विचारपूस करा. हात जिथे घासतो तिथे झीज असावी आणि खाचखळग्यांत मळ साचलेला असावा. सगळीकडे सारखाच तांबूस गंज म्हणजे बहुतेक वेळा आम्लाने आणलेले म्हातारपण. राजस्थानात आजही अशा कट्यारी बनतात, त्यांची कारागिरी उत्तम असते. त्या नव्या म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही.

कायदा समजून घ्या. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा आहे. साधारणपणे 100 वर्षांहून जुन्या वस्तूंना तो लागू होतो. पुरावस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि कोणाही खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दगड, धातू किंवा लाकडाच्या मूर्ती, चित्रे आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणीही करावी लागते. देवळातून आलेली मूर्ती कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका.

तलवारी, कट्यारी, भाले 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. ठासणीच्या बंदुकीबाबत तर घेण्याआधीच पोलीस ठाण्यात लेखी विचारा. चालवण्याजोगी नसलेली जुनी बंदूक वेगळ्या वर्गात मोडते, पण ती तशी आहे हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर घुमटाबद्दल, म्हणजे मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेल्या गोव्याच्या वाद्याबद्दल, थोडे सांगतो. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. जुन्या घुमटाच्या तोंडावर मात्र घोरपडीचे कातडे असते, आणि घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. म्हणून जुने घुमट विकत घेऊ नका. ज्या घरात आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा, वाजवणाऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रित करा. बकऱ्याच्या कातड्याचे नवे घुमट सहज मिळते. हस्तिदंती मुठींनाही हीच सावधगिरी लागू आहे.

जतन. आपला शत्रू म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर लोखंडाला घाम फुटतो. तलवार म्यानात ठेवू नका. चामडे आणि लाकूड ओल धरून ठेवतात आणि पाते आतून खातात. ती बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात. खोबरेल मुळीच नको. आपल्याकडे हात आपसूक त्या बाटलीकडे जातो, पण काही महिन्यांत ते चिकट होते आणि धूळ धरते. पाते उघड्या हाताने धरू नका. घामातल्या मिठाचे बोटांचे ठसे पुढे गंजून उठतात.

लिंबू, चिंच, पॉलिश पेपर यांनी काहीही उजळू नका. पहिल्या वर्षी मी एका पात्यावर पॉलिश पेपर फिरवला. पोलादातली पाण्याच्या लहरींसारखी नक्षी अर्ध्या तासात दिसेनाशी झाली. ती परत उठवायला जाणकाराचा हात लागतो, आणि तो सहज मिळत नाही.

दसऱ्याला शस्त्रपूजन जरूर करा. हळदकुंकू आणि झेंडू पात्यावर न ठेवता पाटावर, पात्याच्या शेजारी ठेवा. पाणी शिंपडले असेल तर त्याच रात्री कोरड्या सुती कापडाने पुसून पुन्हा तेलाचा हात फिरवा. सकाळपर्यंत थांबलात तर झेंडूच्या पाकळीच्या आकाराचा डाग पडलेला दिसेल.